मुलाला ऑटिझम आहे असं कळल्यावरचं पहिलं वर्ष: काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने

निदानाच्या दिवशी आईबाबांच्या हातात एक रिपोर्ट पडतो आणि थेरपीच्या तासांचं वेळापत्रक. बाकीचं ज्याने त्याने शोधून काढायचं. मग व्हायचं ते होतं. निदान पक्कं होईपर्यंत घरातलं काम सुरूच होत नाही, शाळेने मागेपर्यंत दिव्यांगत्वाचा दाखला काढला जात नाही, आणि पैसे मात्र पहिल्या दोन महिन्यांतच भलत्या उपचारांवर खर्च होतात. हा लेख दीड ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त भर क्रमावर आहे.

शब्दाबद्दल एक सांगायला हवं. सरकारी कागदांवर तुम्हाला 'स्वमग्नता' हा शब्द दिसेल. मूल स्वतःतच रमलेलं आहे, त्याला तुमची गरज नाही, असा भास त्या शब्दातून होतो आणि तो खरा नाही. अर्ज भरताना मात्र तोच पर्याय निवडायचा असतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

१. शंका आली त्याच आठवड्यात: कान तपासा, व्हिडिओ काढा

एक वर्षाचं मूल हाकेला वळत नाही. दीड वर्षाचं मूल बोट करून काही दाखवत नाही (मागण्यासाठी नव्हे, नुसतं 'ते बघ, काऊ!' म्हणून). येत असलेले शब्द गळून गेलेत. बिस्किट हवं असेल तर तुमचा हात धरून डब्यापाशी नेतं, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बाबासुद्धा तिसऱ्या वर्षी बोलला' असं घरातली माणसं मायेनेच सांगतात, पण त्यात सहज वर्ष-दीड वर्ष निघून जातं.

पहिली तपासणी कानांची. 'टीव्हीवर गाणं लागलं की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं' एवढ्यावर विसंबू नका. काही मुलांना ठरावीक पट्टीतलेच आवाज ऐकू येत नाहीत. ओएई ही चाचणी काही मिनिटांत होते, बेरा ही कानाची दुसरी चाचणी मात्र मूल झोपलेलं असताना करावी लागते. तिची वेळ दुपारच्या झोपेच्या सुमाराची घ्या, आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि येताना रिक्षात डोळा लागू देऊ नका. बेराच्या खोलीत मूल टक्क जागं असलं की फेरी फुकट जाते, हे फार वेळा घडतं.

त्याच आठवड्यात फोनवर दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे पाच व्हिडिओ काढून ठेवा: जेवताना, एकटं खेळताना, तुम्ही हाक मारताना, इतर मुलांमध्ये, आणि चिडलेलं असताना. दवाखान्यातल्या अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं, त्यामुळे डॉक्टरांना या व्हिडिओंचा खरा उपयोग होतो.

मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची होय-नाही स्वरूपाची यादी भरता येते. ० ते २ गुण म्हणजे शक्यता कमी, ३ ते ७ मध्यम, ८ आणि त्यापुढे जास्त. ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. गुण कमी आले तरी तुमच्या मनातली शंका गेली नसेल तर दाखवून या.

कुठे दाखवायचं? जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सगळे त्याला 'डीईआयसी' म्हणतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक चिठ्ठी देतं, पण पथकाची वाट बघत बसू नका, थेट जाऊन चौकशी करा. मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि उम्मीद हे बालविकास केंद्र, गोव्यात सेतू हे केंद्र, ही नावंही विचारात घेता येतील. चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून दोन ठिकाणी नाव नोंदवा.

२. निदान कोणाकडून, आणि रिपोर्टमध्ये काय हवं

निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. ते मुलाचं निरीक्षण करतात, तुमच्याकडून तपशीलवार इतिहास घेतात आणि प्रमाणित चाचण्या वापरतात. ऑटिझम दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्येही तो दिसत नाही. फिट येत असेल किंवा तसा संशय असेल तर ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) सांगतात. जनुकीय तपासणी काही मुलांना सांगितली जाते. सरसकट सगळ्यांना सगळं सांगितलं जात असेल तर 'या तपासणीने पुढच्या उपचारात काय बदलेल?' असं सरळ विचारा.

दहा मिनिटांत झालेलं निदान आणि 'थोडेसे ऑटिस्टिक फीचर्स' एवढाच शेरा असलेली चिठ्ठी पुढे कुठेच कामाला येत नाही. रिपोर्टमध्ये हे असलंच पाहिजे: कोणत्या चाचण्या घेतल्या, त्यांचे गुण, निदान स्पष्ट शब्दांत, बोलणं-समज-हालचाली यांची आजची पातळी, आणि सही-शिक्क्यासोबत तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक. 'इसा' ही भारतीय चाचणी झाली आहे का, हे आवर्जून विचारा. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. दिव्यांगत्वाची टक्केवारी याच गुणांवरून ठरते, त्यामुळे दाखल्याच्या वेळी या कागदाला वजन असतं.

चाचणी घेणारा प्रश्न विचारतो तेव्हा अनेक पालक मुलाची बाजू सावरून घेतात. 'तसं करतो कधी कधी', 'मूड असला की बघतो'. असं करू नका. आठवड्यातले सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणून उत्तर द्या. कमी सांगितलंत तर मदतही कमी मिळेल.

३. घरातलं काम: हे आज संध्याकाळपासून

आठवड्यात थेरपीचे तास दोन-चार, आणि जागेपणीचे घरातले तास ऐंशीच्या आसपास. खरं शिकणं या ऐंशी तासांत होतं.

भाषा बदलू नका. 'एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला, शाळेत तीच लागेल' हा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही. आईला मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लावलं की आईचं बोलणं कमी होतं, आजी तर गप्पच होते. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता त्याच भाषेत बोला. मूल यूट्यूबवरून इंग्रजी अक्षरं, रंग, आकडे घडाघडा म्हणतं म्हणून त्याला इंग्रजी कळतं असंही समजू नका. पाठ म्हणणं वेगळं, आणि 'पाणी दे' हे सांगता येणं वेगळं.

प्रश्न कमी करा, मुलाचं वाक्य तुम्ही बोला. तुम्ही विचारता, 'तुला पाणी हवं?' मूलही म्हणतं, 'तुला पाणी हवं?' ते चिडवत नाही, ते पाणीच मागतंय. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत करणं ही अनेक मुलांची भाषेची पहिली पायरी असते. म्हणून मुलाने जे म्हणावं असं वाटतं तेच, त्याच्या तोंडून यावं तसं बोला: 'मला पाणी हवं' किंवा नुसतं 'पाणी दे', आणि लगेच पेला हातात द्या. मराठीत एक अडचण जास्तीची आहे. आई दिवसभर 'मी येते', 'मी करते' म्हणते आणि मुलगा तेच उचलतो. त्याला हसू नका, चारचौघांत सुधारू नका. त्याच्या वतीने बोलताना 'मी येतो' हे रूप वापरत राहा, हळूहळू बसतं.

वाक्य लहान ठेवा. मूल एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन बोला, दोन बोलत असेल तर तीन. 'चल रे बाळा, पटकन बूट घाल बघू, आपल्याला उशीर होतोय ना' यातला कामाचा शब्द शोधता शोधता मूल थकतं. 'बूट घाल' म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे मोजणं जमलं की निम्मी लढाई जिंकलीत. बहुतेक पालक तिसऱ्या आकड्याला परत बोलतात आणि मुलाचं मनात चाललेलं काम तिथेच तुटतं.

चित्रं वापरा. पहिल्या महिन्यात पाच-सहा पुरतात: पाणी, पोळी, शू, बाहेर, नको, मदत. गूगलवरची चित्रं नकोत. तुमच्याच घरातल्या स्टीलच्या पेल्याचा, तुमच्याच दाराचा फोटो घ्या. साधारण सात सेंटिमीटरचा चौकोन, लॅमिनेशन, मागे वेल्क्रो, आणि फ्रिजच्या दारावर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला एक पट्टी. मुलाने चित्र काढून तुमच्या हातात दिलं की त्याच क्षणी वस्तू द्यायची, त्यावेळी 'आधी तोंडाने म्हण' अशी अट घालायची नाही. चित्रांमुळे मूल बोलायचं थांबेल ही भीती जवळजवळ प्रत्येक आजीला असते. तसं होत नाही, उलट मागणं जमू लागल्यावर अनेक मुलांचे शब्द वाढतात. फोन किंवा टॅबवर हेच काम करणारं जेलो हे ॲप मुंबईच्या आयआयटीत तयार झालं आहे, ते विनामूल्य आहे आणि मराठीत चालतं. आवाज हे अशाच कामाचं दुसरं ॲप आहे.

नव्या किंवा नावडत्या गोष्टीचे तुकडे पाडा. केस कापण्याचंच घ्या. सलूनमध्ये मूल किंचाळतं आणि दोघांनी धरून केस कापले जातात. पुढच्या वेळी ते त्या गल्लीत पाऊल टाकत नाही. यात त्रास देणाऱ्या गोष्टी पाच-सहा असतात: गळ्याभोवती घट्ट कापड, फवाऱ्याचं गार पाणी, मशीनचा घरघराट, मानेवर टोचणारे बारीक केस, अनोळखी हात, आणि हे कधी संपणार ते माहीत नसणं. पहिल्या आठवड्यात सलूनसमोरून नुसतं चालत जा. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारच्या दुपारी, गर्दी नसताना, खुर्चीत बसून या आणि उठा, केसांना हात नको. न्हाव्याला आधी सांगून ठेवा, बहुतेक जण समजून घेतात. घरी रोज बंद ट्रिमर दोन मिनिटं हातात द्या, नंतर चालू करून दूर ठेवा, मग पाठीला टेकवा. मुलाच्या घरच्या टी-शर्टवर मऊ पंचा, पाण्याऐवजी कोरडा कंगवा, मशीनऐवजी कात्री. खुर्चीचा, कात्रीचा, पंचा झटकण्याचा आणि शेवटी उसाच्या रसाचा असे चार फोटो एका पट्टीवर लावा आणि एकेक झालं की काढत जा. पहिल्यांदा अर्धेच केस कापून झाले तरी उठा. अर्ध्या केसांनी आठवडा काढता येतो, मोडलेला विश्वास मात्र एका आठवड्यात परत येत नाही.

दात घासणं, नखं कापणं, लसीकरण, लग्नाचं कार्यालय, सगळीकडे हीच रीत लागू पडते. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांच्यासाठी कान झाकणारे हेडफोन महिनाभर आधी घरी घालायची सवय करा. त्या दिवशी अचानक डोक्यावर चढवले तर मूल फेकून देतं. कुकरच्या शिट्टीने घाबरत असेल तर शिट्टी होण्याआधी 'शिट्टी येणार' असं सांगा आणि त्याला दुसऱ्या खोलीत जायची मुभा द्या.

हट्ट आणि कोलमडणं यांतला फरक ओळखा. हट्टात मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि वस्तू मिळाली की थांबतं. आवाज, गर्दी किंवा अचानक बदल सोसेनासा होऊन मूल कोलमडतं तेव्हा हवी ती वस्तू दिली तरी थांबत नाही, कारण ते त्याच्या हातात उरलेलं नसतं. त्या वेळी बोलणं बंद करा, दिवा मंद करा, पंख्याचा आवाज कमी करा, आजूबाजूच्या माणसांना हलवा, आणि लागण्यासारख्या वस्तू बाजूला करा. समजावणं, धमकावणं, मारणं यातलं काहीही त्या क्षणी पोहोचत नाही. नंतर वहीत तीन रकाने भरा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. दोन आठवड्यांच्या नोंदींत कारण बहुतेक वेळा स्वतःहून समोर येतं.

आणि हे ठळकपणे लक्षात ठेवा: वागणं अचानक बिघडलं, मूल डोकं आपटायला लागलं, रात्री उठून रडायला लागलं, तर आधी पोट, दात आणि कान तपासून घ्या. बद्धकोष्ठता आणि दातदुखी ही फार वेळा सापडणारी कारणं आहेत, आणि न बोलणारं मूल ती सांगू शकत नाही. काही सेकंद टक लावून हरवल्यासारखं होत असेल, हाक-स्पर्श काहीच पोहोचत नसेल, तर व्हिडिओ काढा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं.

४. थेरपिस्ट निवडताना

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्रात राज्याच्या स्वतंत्र परिषदेकडे होते. क्रमांक विचारणं हा अपमान नाही, चांगला थेरपिस्ट तो आपणहून दाखवतो.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न: पुढच्या तीन महिन्यांची उद्दिष्टं लेखी मिळतील का? मी सत्रात बसू शकते का, निदान शेवटची दहा मिनिटं? घरी काय करायचं ते दर आठवड्याला सांगाल का? तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तर काय बदलणार? 'पालक बाहेरच थांबतील, आत येऊ नका' हा पक्का नियम असेल आणि आतलं काही दाखवलंही जात नसेल, तर ते केंद्र सोडा. मुलाला बळजबरीने खाली दाबून बसवणं, उपाशी ठेवून खाऊसाठी काम करून घेणं, डोळ्यांत बघायला हनुवटी धरून लावणं हे उपचार नव्हेत.

उद्दिष्ट मोजता येईल असं असावं. 'आय कॉन्टॅक्ट सुधारणे' यातून काहीच कळत नाही. 'पाचपैकी चार वेळा चित्र देऊन मदत मागेल' हे तुम्हाला घरी पडताळता येतं. सुरुवातीला तीन-चार उद्दिष्टं पुरे. आणि वर्षभराचे पैसे आगाऊ भरून सवलत घेऊ नका, केंद्र जमलं नाही तर ते पैसे परत मिळवणं अवघड जातं.

५. 'पूर्ण बरा करू' असं ऐकलं की उठून या

ऑटिझम हा आजार म्हणून बरा होत नाही, कारण मेंदूची घडणच वेगळी असते. योग्य मदतीने मूल खूप पुढे जातं, आणि कोणतं मूल किती पुढे जाईल हे तिसऱ्या वर्षी कोणीही सांगू शकत नाही. स्टेम सेलवर लोकांनी दागिने आणि जमिनी विकल्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करत नसल्याचं स्पष्ट केलं. शरीरातले 'जड धातू' काढणारं कीलेशन धोकादायक आहे. गहू आणि दूध बंद करण्याने ऑटिझम कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. आधीच चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढून घेतले तर कुपोषण मात्र होतं.

लसीचा दोष मानू नका. तो संबंध जोडणारा १९९८ चा लेख ज्या नियतकालिकाने छापला त्यानेच २०१० साली मागे घेतला. धाकट्या भावंडाच्या लसी वेळेवर द्या.

६. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड

'शिक्का बसेल' या भीतीने दाखला अनेक वर्षं लांबतो. दाखला मुलाच्या कपाळावर चिकटवायचा नसतो, तो तुमच्या कपाटात राहतो. हवा तेव्हा काढा, नको तेव्हा ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलेलं आहे, त्यात ऑटिझम आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे.

लागणारी कागदपत्रं: मुलाचं आधार, पालकांचं आधार, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, सही किंवा अंगठ्याची स्कॅन प्रत, निदानाचा रिपोर्ट, इसाचा कागद असल्यास तो, कानाची तपासणी आणि थेरपीचे जुने रिपोर्ट. मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावाच्या स्पेलिंगवर. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि रिपोर्टवर तिसरं. आधी आधार जन्मदाखल्याप्रमाणे दुरुस्त करा, मग अर्ज भरा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाल आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करून घ्यायचं विसरू नका.

दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं सरकारी ओळखपत्र) यांचा अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर भरायचा, स्वतः किंवा सेवा केंद्रातून. मोबाइल नंबर तुमचाच द्या, केंद्रचालकाचा नको, नाहीतर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. रुग्णालय निवडून पावती छापा आणि त्या रुग्णालयात तपासणीचा वार कोणता हे आधी विचारा. मानसिक आरोग्य विभागाची तपासणी बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवशीच असते.

तपासणीच्या दिवशी तासन्‌तास थांबावं लागू शकतं. दोघांनी जा: एक रांगेत, एक मुलासोबत बाहेर मोकळ्या जागेत. आवडीचा कोरडा खाऊ, पाणी, हेडफोन, एक ओळखीचं खेळणं आणि बदलायचे कपडे घ्या. फोन हे शेवटचं अस्त्र म्हणून राखा, सकाळी नऊला दिला तर बारापर्यंत बॅटरीही संपते आणि उपायही. मूल तिथे रडलं, पळालं तर ओशाळू नका, डॉक्टरांना ते दिसणं गैर नाही. शांत बसलं तर मात्र घरचे व्हिडिओ दाखवा.

कार्डाचा रंग टक्केवारीवर असतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि पुढे निळा. लहान मुलांचा दाखला सहसा ठरावीक मुदतीचा असतो. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं.

७. दाखल्यानंतर लगेच: विमा आणि कर

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझम असलेल्या व्यक्तींसाठीही आहे. वार्षिक कवच १ लाख रुपयांपर्यंत, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. प्रत्येक बिलावर मुलाचं पूर्ण नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक असलेला शिक्का घ्या, डॉक्टरांची थेरपी सुचवणारी चिठ्ठी सोबत जोडा. 'थेरपी फी मिळाली' एवढंच लिहिलेल्या वहीतल्या पानावर दावा मंजूर होत नाही.

नोकरदार पालकांसाठी: जुन्या करपद्धतीत ४० टक्के आणि त्यापुढे ७५,००० रुपयांची, ८० टक्के आणि त्यापुढे १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ती अवलंबून नसते. ऑटिझमसाठी डॉक्टरांकडून फॉर्म १०-आयए भरून घ्यावा लागतो. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, त्यामुळे पद्धत निवडण्याआधी दोन्ही हिशोब करून बघा.

८. शाळा

२०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणं बंधनकारक आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात मोडतात. त्यासाठी दाखला अर्जाच्या वेळीच हातात लागतो, म्हणून सहावी पायरी शाळेच्या आधी.

शाळा तोंडी नकार देते: 'आमच्याकडे तशी सोय नाही, मुलाचंच नुकसान होईल.' वाद घालू नका. प्रवेश अर्ज आवक क्रमांकासह द्या आणि नकार लेखी मागा. नकार लिहून देताना सूर बऱ्याचदा बदलतो. तरीही नाही म्हणाले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात त्यांची चौकशी करा. प्रवेशानंतर यू-डायसमध्ये (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का ते पाहा, ती नसेल तर पुढच्या सोयी अडतात.

वर्गशिक्षिकेला वीस पानी रिपोर्ट देऊ नका, कोणी वाचत नाही. एक पान द्या, साधारण असं:

'मी ईशान. मला नावाने हाक मारली की वळायला वेळ लागतो, जवळ येऊन सांगा. घंटा वाजली की मी कान झाकतो, तो खोडसाळपणा नाही. मला फळ्यावरचं लिहिलेलं ऐकलेल्यापेक्षा लवकर समजतं. शू लागली की मी पाय हलवतो, सांगत नाही. चिडलो तर मागच्या बाकावर पाच मिनिटं एकटं बसू द्या, मग येतो. मला नकाशे फार आवडतात.'

नाव तुमच्या मुलाचं घाला, बाकी सगळं तुमच्या मुलाप्रमाणे बदला, आणि शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. शिक्षिकेचं मुलाशी नातं जुळतं ते त्या वाक्यापासून.

वर्गात मुलासोबत बसणारी सावली-शिक्षिका ठेवली असेल तर ती मुलाच्या शेजारी सतत चिकटून नसावी. तिचं काम मुलाला वर्गातल्या बाईंकडे वळवणं हे आहे. मूल फक्त तिच्याकडेच बघायला लागलं तर तिची खुर्ची दोन बाक मागे न्या.

९. निसटून जाणारं मूल

काही मुलं दार उघडं दिसलं की निघतात, आणि अनेकांना पाण्याची ओढ असते. दाराला मुलाच्या हाताबाहेर वरची कडी, विहीर-टाकीवर झाकण, आणि शर्टाच्या आत शिवलेल्या कापडी पट्टीवर तुमचा फोन नंबर. गळ्यातलं ओळखपत्र मुलं काढून फेकतात. वॉचमन, वाणी, रिक्षावाले काका यांना मुलाचा चेहरा आणि 'हा नाव सांगणार नाही' एवढं माहीत असू द्या. मूल दिसेनासं झालं तर आधी जवळचं पाणी आणि रस्ता बघा, नातेवाइकांना फोन नंतर, आणि लगेच ११२ वर कळवा. पोहायला लवकर शिकवा.

१०. फाइल आणि तारखा

प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एक फाइल करा: ओळखीचे कागद, निदान, थेरपी, दाखला-कार्ड, विमा-बिलं, शाळा. प्रत्येक कागदाचा फोटो आईबाबा दोघांच्याही फोनमध्ये असावा. सगळं एकालाच माहीत असणं धोक्याचं आहे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने हे लिहा: दाखल्याची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख, निरामयचं वर्ष संपतं तो ३१ मार्च, आरटीईच्या अर्जांची चौकशी सुरू करायचा डिसेंबर, थेरपीच्या उद्दिष्टांचा दर तीन महिन्यांचा आढावा, आणि पाचव्या वाढदिवसानंतरचं आधार.